पाटीची व्याख्या

कायद्याची भाषा ही माणसानं घडवलेली सगळ्यात प्रामाणिक भाषा आहे, असं वामनराव टेंभुर्णे यांचं मत होतं. मुंबईत सरकारी अनुवाद विभागात बत्तीस वर्षं बसून, इंग्रजी कायद्यांचं मराठी करता करता त्यांनी ते बनवलं होतं. त्या मराठीचा एकही वाचक त्यांना बत्तीस वर्षांत भेटला नव्हता. वकील इंग्रजी प्रत बघत, कारकून जुनी फाइल बघत आणि जनता वकिलाकडे बघत असे. हे मला त्यांनीच सांगितलं. सांगताना त्यांना त्यात विनोदी काही वाटलं नाही.

मी त्यांना काका म्हणायचो. सस्काटूनपासून दीड तासावरच्या एका गावात ते मुलीकडे राहायला आले होते. गावाचं नाव लिहीत नाही. गाव लहान आहे, आणि तिथली मंडळी हल्ली फोनवर भाषांतर करून काहीही वाचतात. धान्याचं एक उंच कोठार, बर्फावर खेळायची एक रिंक, एक नर्सिंग होम, एक औषधांचं दुकान. त्या दुकानात प्रज्ञा, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, फार्मासिस्ट होती. तिनं लग्न केलेलं नव्हतं आणि तो विषय काढायची त्या घरात सोय नव्हती.

आमची ओळख फोनवर झाली. सस्काटूनमधली आम्ही दहा-बारा मराठी घरं एक हॉल घेऊन चौदा एप्रिलची जयंती साजरी करायचो. त्या वर्षी निमंत्रण मी लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी टेंभुर्णे बोलतोय. आपण लिहिलंय, 'सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे.' सर्वांनी म्हणजे कोणी?"

"म्हणजे... सगळ्यांनी."

"ती व्याख्या झाली नाही. आणि वेळ दिलेली नाही, तेव्हा वेळेवर कसं यायचं?"

वेळ खरंच राहिली होती. मी नवीन निमंत्रण पाठवलं. कार्यक्रमाला ते सगळ्यांच्या आधी आले आणि दाराजवळ उभे राहिले. खुर्ची दिली तर "बसतो" म्हणाले आणि बसले नाहीत. पुढच्या तीन वर्षांत मी त्यांना सलग दहा मिनिटं बसलेलं पाहिलं नाही. जेवतानासुद्धा वाटी हातात घेऊन उठायचे, खिडकीपाशी जायचे, बाहेर काही नाही याची खात्री करून परत यायचे.

"यायच्या पायात काय भरलं हाय कोण जाणे," काकू म्हणायच्या. "बसा म्हटलं की उभे, उभे राहा म्हटलं की चालले."

हिवाळ्यात उणे तीस असलं की ते बेसमेंटमध्ये फेऱ्या मारायचे. त्याचाही कंटाळा आला की रिंकवर जायचे, खेळ बघायला नव्हे, पाट्या वाचायला. आग विझवायच्या नळकांड्यावरचा मजकूर, वॉशरूममधली हात धुवायची सूचना, भिंतीवरचं विम्याचं परिपत्रक, सगळं खालच्या बारीक अक्षरांपर्यंत. इंग्रजी ते बोलायला बिचकत, पण वाचताना त्यांना कोणी फसवू शकत नव्हतं. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी गावाच्या कौन्सिलची बैठक असे. ती लोकांना खुली होती. येत मात्र कोणी नसे. काका जात. "नगराध्यक्षांना वाचलेलं कळत नाही," ते मला सांगत, "पण वाचतात मोठ्यानं. हे चांगलं."

नगराध्यक्ष म्हणजे लेस. त्याचं टायरचं दुकान होतं. ऑक्टोबर लागला की सगळं गाव विंटर टायर्स बसवायला त्याच्याकडे, आणि म्हणून मतं पण त्याला. कौन्सिलचं सगळं कागदपत्र मर्लीन नावाच्या बाई बघत. गावाच्या ऑफिसात त्या एकट्याच.

भाषेचं म्हणाल, तर देशाच्या राजभाषा दोन. गावात फ्रेंच येणारी एकच बाई होती. ती शाळेत शिकवायला गुरुवारी यायची. उरलेले सहा दिवस राजभाषा एकच. पण कान दिला तर नर्सिंग होममध्ये फिलिपिनो नर्सेसची टागालोग, पेट्रोल पंपावर पंजाबी, किराणा दुकानाच्या बेकरीत युक्रेनियन, जवळच्या रिझर्व्हवरून, म्हणजे मूळ रहिवाशांच्या राखीव वस्तीवरून, औषधं न्यायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची क्री, आणि औषधांच्या दुकानामागच्या घरात नागपुरी ऐकू यायची. कायद्याच्या दृष्टीनं यातली एकही भाषा तिथं नव्हती.

तंटा सुरू झाला रिंकवरच्या एका सूचनेवरून. 'बाकावर स्केट्स घालून उभं राहू नये' ही सूचना कुणीतरी हौसेनं पाच भाषांत छापून लावली. त्यात हॉकीच्या सामन्यांचं वेळापत्रक झाकलं गेलं. गॉर्ड नावाचा शेतकरी कौन्सिलवर होता. तो म्हणाला, उद्या टॉर्नेडोची सूचना लावायची झाली तर ती वाचेपर्यंत टॉर्नेडो निघून जाईल. तेव्हा गावाच्या मालकीच्या जागी पाट्या फक्त देशाच्या राजभाषांत असाव्यात, असा गावाचा नियम करावा. मर्लीनबाईंनी मसुदा केला. एक पान. काकांनी तो बैठकीत मागून घेतला, घरी आणला आणि रात्रीचं जेवण टाळलं.

त्या शनिवारी मी तिथं गेलो होतो. काका स्वयंपाकघरात लाल पेन घेऊन येरझारा घालत होते.

"पाटी हा शब्द सात वेळा वापरलाय. पाटी म्हणजे काय ते कुठंही नाही. रंगवलेली? छापलेली? कोरलेली? गावाची मालमत्ता म्हणजे कोणती? यादी नाही. आणि शेवटी बघा, 'कौन्सिलला योग्य वाटल्यास सूट देता येईल.' म्हणजे काय? म्हणजे चहा पाजा आणि सूट घ्या."

"काका, पण तुम्ही या नियमाच्या बाजूचे आहात का?"

ते थांबले. प्रश्न त्यांना अप्रस्तुत वाटला असावा.

"नियम अत्यंत मूर्ख आहे. पण नियम चुकीचा असला तरी मसुदा चुकीचा असता कामा नये."

काकू चपातीला तेल लावत होत्या. "अवो, तुमाले कोणं सांगतलं हे कराले?"

"कोणी सांगायला कशाला पाहिजे? मसुदा खराब आहे."

"मंग राहू द्या ना खराब. खराब कायद्यातून माणूस सुटते तरी."

काकांनी हे ऐकलं नाही. मी ऐकलं आणि हसलो, इतकंच.

त्यांनी मर्लीनबाईंना अकरा मुद्द्यांचं पत्र दिलं. बाई खूश झाल्या. त्यांना आजवर लोकांनी खड्ड्यांबद्दल पत्रं लिहिली होती, कलमांबद्दल कोणी लिहिलं नव्हतं. ऑक्टोबरात, एकाच संध्याकाळी, नियम मंजूर झाला तो जवळजवळ काकांच्या शब्दांत. कलम दोन, पोटकलम अ: पाटी म्हणजे रंगवलेला, छापलेला, ओतलेला किंवा कोरलेला कोणताही मजकूर. पोटकलम ब: गावाची मालमत्ता म्हणजे रिंक, वाचनालय, पाण्याची टाकी, कॅम्पिंगचं मैदान, आणि यादी अपुरी राहू नये म्हणून काकांनी नकाशा समोर ठेवून शोधलेल्या आणखी चार जागा. सूट देण्याची ओळ काढून टाकली होती. कौन्सिलनं इतिवृत्तात त्यांचे आभार मानले आणि गावाचं नाव असलेली टोपी भेट दिली. ती घालून ते आठवडाभर गावात फिरले. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कोणीतरी त्यांचं लिखाण वापरलं होतं.

काकूंबद्दल इथं सांगायला हवं.

शशिकलाकाकू शाळेत दुसरीपर्यंत गेल्या होत्या. मग पाठची भावंडं सांभाळायला घरी राहिल्या आणि होतं तेही विसरल्या. लग्न झालं तेव्हा त्या अंगठा लावायच्या. काका दिवसभर कायद्यांचं मराठी करत आणि घरी आल्यावर दमलेले असत. "बायकोला शिकवावं असं भाषण मी तीन ठिकाणी दिलं होतं," ते एकदा म्हणाले. "घरी राहून गेलं." प्रज्ञाचं नाव शाळेत घालायच्या दिवशी फॉर्मवर आईची सही हवी होती. काकांनी शाईचं पॅड खिशात घालून नेलं होतं. काकूंनी हेडमास्तरांच्या टेबलावरचं पेन उचललं आणि हळूहळू, एकेक अक्षर दाबून, शशिकला वामन टेंभुर्णे असं लिहिलं. शेजारच्या घरातल्या सातवीतल्या मुलीकडून त्या चार महिने दुपारी शिकत होत्या.

"आणि तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"मी? माझ्या हातात पॅड होतं. उघडलेलं."

त्यानंतर काकूंनी जगात कुठंही दुसऱ्या अक्षरात सही केली नाही. कॅनडात आल्यावर हेल्थ कार्डाच्या खिडकीवरची बाई म्हणाली, इंग्रजीत करा. काकू म्हणाल्या, "माझं नाव इंग्रजीत नाही हाय." प्रज्ञानं भाषांतर केलं. मागून काका पुढे आले आणि सही म्हणजे काय याची व्याख्या कुठल्या कायद्यात आहे असं विचारू लागले. बाईंनी कागद घेऊन टाकला.

डिसेंबरात काकूंना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि जानेवारी संपायच्या आत त्या गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. "मले नागपूरले नका नेऊ. तिथं कोण हाय आता पाहाले? इथंच ठेवा, प्रज्ञाच्या जवळ. आन् दगडावर माझं नाव माझ्या अक्षरात."

दहन सस्काटूनला झालं. फेब्रुवारीत जमीन दगडासारखी गोठलेली असते. तिकडे अस्थी पुरायला मे उजाडतो. तोवर कलश प्रज्ञाच्या घरी, पुस्तकांच्या कपाटात. प्रज्ञानं गावाच्या स्मशानभूमीत जागा घेतली, दगडाचा फॉर्म भरला आणि मजकुराच्या चौकोनात आईचं नाव मराठीत लिहिलं.

चौथ्या दिवशी मर्लीनबाई स्वतः घरी आल्या, हातात केळ्याचा केक. त्या वेळी मी तिथं होतो. कोट न काढता त्या बराच वेळ हवामानाबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "वेमन, फॉर्मवर एक छोटीशी अडचण आहे."

काका खिडकीपाशी होते. पाठमोरेच म्हणाले, "कलम दोन, पोटकलम ब. सहावी जागा."

आणखी चार जागा त्यांनी नकाशावरून शोधल्या होत्या, त्यातली एक स्मशानभूमी होती.

मर्लीनबाईंनी केक टेबलावर ठेवला, सुरी कुठं आहे विचारलं आणि न कापताच निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी लेस आला. मोठा, भला माणूस. बूट दारातच काढून मोज्यांवर उभा राहिला. "वेमन, ऐक. दगड बसव. हवं ते लिही. कोण बघतंय? आम्ही दुसरीकडे बघू." त्यानं दोन्ही हात डोळ्यांवर ठेवून दाखवलं.

काका म्हणाले, "थँक यू. नो."

लेस गेल्यावर प्रज्ञाचा आवाज चढला. "बाबा, नो काय? तो हो म्हणतोय! संपला विषय!"

"त्याच्या हो म्हणण्याला काही आधार नाही."

"आधार गेला खड्ड्यात. तुम्हीच ती सूट काढून टाकलीत. तुम्हीच! आई कपाटात आहे, बाबा. माझ्या फार्माकॉलॉजीच्या पुस्तकाशेजारी."

"मला माहीत आहे ती कुठं आहे."

"मग?"

ते बेसमेंटमध्ये गेले. आम्ही वर बसून त्यांच्या फेऱ्या ऐकत राहिलो.

खरं सांगायचं तर मला प्रज्ञाचं पटत होतं. मी पुण्याचा, नियमाकडे दुर्लक्ष करायला कोणी अधिकारी स्वतः मोज्यांवर उभा राहून तयार असेल तर मी त्याला चहा दिला असता. आठवड्यानं फोनवर मी काकांना तसं म्हणालोही. लेस चांगला माणूस आहे, तो उपकार दाखवणार नाही, वगैरे.

पलीकडून थोडा वेळ फक्त पावलं ऐकू आली.

"माझ्या आजोबांना गावात पाणी मिळायचं," काका म्हणाले. "विहिरीवर उभं राहायचं, कोणीतरी यायचं, वरून ओंजळीत ओतायचं. देणारे चांगले होते. रोज द्यायचे. चांगले नव्हते असं आजोबा कधी म्हणाले नाहीत." पावलं थांबली. "लेसनंतर दुसरा कोणी येईल. त्याला दुसरीकडे बघायचं नसेल तर? दगड उपटायचा का? तिचं नाव तिथं कोणाच्या मर्जीनं नाही राहायचं."

त्यानंतर मी त्यांना शहाणपण शिकवलं नाही.

मार्चच्या पहिल्या शनिवारी त्यांनी मला गाडी घेऊन बोलावलं. आम्ही स्मशानभूमीत गेलो. गुडघाभर बर्फ. माझ्याकडे शोव्हल, त्यांच्याकडे वही आणि हातमोज्याचं बोट कापून मोकळं केलेलं पेन्सिल धरायचं बोट. मी दगड मोकळा करायचा, त्यांनी मजकूर बघायचा, वहीत नोंदवायचा आणि पुढच्या दगडाकडे निघायचं. मी दमलो, ते नाही. जुन्या भागात युक्रेनियन क्रॉस, त्यापुढे जर्मन, नॉर्वेजियन, कुंपणाकडे क्रीच्या खुणाखुणांच्या लिपीत दोन, आणि एका कोपऱ्यात गावात पूर्वी कॅफे चालवणाऱ्या एका चिनी माणसाचा उभा दगड. इंग्रजी होतेच, पण ते नवीन. दोन तासांत बोटं बधिर झाली. एका युक्रेनियन दगडापाशी काका जास्त वेळ थांबले, अक्षरं जशीच्या तशी चित्रासारखी उतरवून घेतली आणि परतताना मला बेकरीपाशी थांबायला सांगितलं. बेकरीतली बाई युद्धामुळे इथं आलेली. तिनं कागद हातात धरून ते वाचलं, पिठाचा हात ॲप्रनला पुसला आणि काकांच्या कागदाखाली इंग्रजीत लिहून दिलं.

मंगळवारच्या बैठकीत काकांनी दहा मिनिटांची वेळ मागितली होती. मी मागे प्रज्ञाशेजारी बसलो. काका टोपी काढून उभे राहिले. तोपर्यंत मी त्यांना लोकांपुढे इंग्रजी बोलताना ऐकलं नव्हतं. कागदावरून वाचलं, हळू, प्रत्येक शब्दावर पाय ठेवत.

"या नियमातल्या व्याख्यांचा लेखक मी आहे. त्यात गंभीर चूक आहे. ती माझी आहे."

मग त्यांनी वही उघडली आणि नियमानुसार बेकायदेशीर ठरणाऱ्या दगडांची यादी वाचली: ओळ, क्रमांक, गावाच्या नोंदीतलं आडनाव, भाषा. आडनावं खोलीत बसलेल्यांचीच होती. कौन्सिलमधलं एकेक डोकं वर येत गेलं. यादी संपल्यावर ते म्हणाले, "कलम सातप्रमाणे हे दगड नव्वद दिवसांत हटवणं ही गावाची जबाबदारी होती. नव्वद दिवस जानेवारीत संपले. काम कधी सुरू होणार, एवढाच माझा प्रश्न आहे."

टोमणा म्हणून ते हे बोलले नव्हते. कलम सात त्यांनीच लिहिलं होतं.

"वेमन," लेस म्हणाला, "तिसऱ्या ओळीतला आठवा दगड. ती माझी आजी. आमच्यात तो कोणालाच वाचता येत नाही. माझ्या बापालाही येत नव्हता."

काकांनी वहीतून कागद काढला. "पारास्का," त्यांनी वाचलं. "'आता तरी तिला बसू द्या,' असं कोरलंय."

लेस टेबलाकडे बघत राहिला. मग मोठ्यानं नाक शिंकरलं आणि म्हणाला, दुरुस्ती आत्ताच, याच बैठकीत. स्मशानभूमी यादीतून बाहेर.

तिथल्या रिवाजाप्रमाणे नियमाचं वाचन तीन वेळा होतं. तिन्ही एकाच बैठकीत उरकायची तर हजर असलेल्या प्रत्येकाची संमती लागते. सगळ्यांनी हात वर केले. गॉर्डनं केला नाही.

"मी दुरुस्तीच्या बाजूनं आहे," तो म्हणाला. "माझेही दोन आहेत त्या यादीत. पण ऑक्टोबरात आपण एका संध्याकाळी उरकलं म्हणून हे झालं. एका महिन्याला एक वाचन. रीतसर."

सगळे काकांकडे वळले. काका मान हलवत होते, होकाराची. "ही इज करेक्ट," ते म्हणाले.

प्रज्ञा उठली आणि दार आपटून बाहेर गेली. त्यानंतर तीन आठवडे ती वडिलांशी फक्त गोळ्यांबद्दल बोलली.

दुसरं वाचन एप्रिलमध्ये झालं. तिसरं मेच्या मंगळवारी व्हायचं होतं. अस्थी पुरायला त्याच आठवड्यातला शनिवार ठरला होता. नागपूरहून काकूंची बहीण येऊन बसली होती. रविवारी तिचं परतीचं विमान. सस्काटूनमधून दगड माझ्याच गाडीत मागे घालून मी आदल्या दिवशी आणला होता, रजा टाकून. दगडवाल्याला मराठी येत नव्हतं. मंजुरीचा कागद हाती पडेपर्यंत बसवणार नाही, एवढं मात्र त्याला पक्कं येत होतं.

मंगळवारी संध्याकाळी हॉलमध्ये लेस, मर्लीनबाई आणि एक सदस्य. लेस धरून सात सदस्यांपैकी चार हजर हवे होते. उरलेले सगळे शेतात. बुधवारपासून पाऊस सांगितला होता, आणि त्या दोन आठवड्यांत तिथला शेतकरी पेरणी सोडून स्वतःच्या लग्नालाही येत नाही.

"पुढच्या महिन्यात," लेस हताशपणे म्हणाला. "आय ॲम सॉरी."

काका माझ्याकडे वळले. "गाडी काढा."

गॉर्डचं शेत अकरा किलोमीटरवर, खडीच्या रस्त्यानं. धुळीचा एक लांब पट्टा जमिनीवर सरकत होता. त्याच्या पुढच्या टोकाला गॉर्डचं पेरणीयंत्र, घराएवढं. काका गाडीतून उतरले आणि शेताच्या कडेनं त्याच्या दिशेनं चालू लागले. मी हाक मारली, थांबले नाहीत. मंत्रालयातले बूट, मऊ माती, डोक्यावर गावाची टोपी. त्या सपाटीवर चालणारा माणूस लांबून जागचा हललेला दिसतच नाही. शेवटी यंत्र थांबलं. गॉर्डनं वरूनच दार उघडलं.

"किती वेळ लागेल?" तो ओरडला.

"चार मिनिटं," काका ओरडले. "कोणी भाषण केलं नाही तर."

गॉर्डनं पश्चिमेकडचे ढग बघितले, काकांचे बूट बघितले. मग फोन काढून शेजारच्या शेतातल्या सदस्याला शिव्या देत बोलावलं.

पावणेआठला चारजण झाले. दोघांच्या अंगावर इतकी धूळ की मर्लीनबाईंनी खुर्च्यांवर वर्तमानपत्र टाकलं. तिसरं वाचन झालं. हात वर झाले, चारही. लेस उभा राहिला. त्याच्या हातात दोन पानं होती. "मित्रहो, आपल्या या प्रेअरीवर अनेक भाषांच्या धाग्यांनी..."

"लेस," गॉर्ड म्हणाला, "पाऊस येतोय."

लेस बसला. मर्लीनबाईंनी सही शिक्का केला. काकांनी प्रत घेतली, उभ्यानंच शेवटपर्यंत वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. गॉर्ड दारातून जाता जाता त्यांच्या खांद्यावर थाप मारून गेला. कोटावर पंजाचा ठसा उठला.

शनिवारी पाऊस थांबला होता. आम्ही त्रिशरण, पंचशील म्हटलं. लेस टाय लावून आला होता. मर्लीनबाई आल्या होत्या. दगड लहान, करड्या रंगाचा; त्यावर शशिकला वामन टेंभुर्णे, एवढंच. प्रज्ञानं मातीची पहिली मूठ टाकली, मग वडिलांचा हात धरून त्यांना पुढे आणलं. काकूंची बहीण अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाली, "चांगलं केलं बा तुमी. अक्षर तिच्यावानी नाही हाय, पण नाव तिचंच हाय."

काका गवतावर खाली बसले. मी घड्याळात बघितलं नाही, पण बराच वेळ झाला असावा. लेसनं हळूच टाय सैल केला.

त्या शरदात प्रज्ञाला विनिपेगला नोकरी मिळाली आणि ते घर आवरून गेले. निघायच्या सकाळी मी खोकी उचलायला गेलो होतो. काका घरात नव्हते. सामान भरून झाल्यावर आम्ही त्यांना आणायला स्मशानभूमीत गेलो. वारा फार होता. ते दगडापाशी उभे होते, एका हातानं टोपी धरून, आणि शेजारच्या मोकळ्या जागेची लांबी-रुंदी पावलांनी मोजत होते.

"बाबा, चला," प्रज्ञानं गाडीतून हाक मारली. "सात-आठ तासांचा ड्राइव्ह आहे."

त्यांनी हात वर केला, म्हणजे थांब, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

ती शेजारची जागा त्यांनी स्वतःसाठी घेऊन ठेवली आहे. दगडावरच्या मजकुराचा फॉर्म विनिपेगहून पोस्टानं येतो. मर्लीनबाई सांगतात की आतापर्यंत पाच मसुदे आले, प्रत्येकासोबत आधीचा रद्द समजावा असं पत्र. पाचवा सगळ्यात मोठा आहे. तो दगडावर मावत नाही.